रंगांचं वावडं

नवे सर्व्हर गिगाबिट स्विचला जोडायचे होते. केबल कॅट सिक्सच्याच घ्यायच्या, यावर साहेबांचं नि माझं एकमत झालं. लांबीवरही झालं. गाडी अडली ती रंगावर.

"बॅकअपला लाल, बाकीच्यांना हिरव्या घेऊ या, सर. कुठली कशाची ते बघताक्षणी कळेल."

"सगळ्या करड्या घे. सर्व्हर रूम आहे ही, फुलांचं दुकान नव्हे!"

साहेबांना रंगांचं वावडंच. तणतणत मी त्यांच्या टेबलाखालचं खोकं ओढायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. मग उठून मुकाट्याने करड्या केबल मागवल्या, आणि सोबत दोन्ही टोकांना लावायला नंबरपट्ट्या.

आता साहेबच चक्रावले. "एवढी तावातावाने भांडत होतीस, एकदम गार कशी पडलीस?"

"खाली वाकल्यावर तुमचे मोजे दिसले, सर."

साहेबांनी दचकून दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग पॅन्ट जराशी वर ओढून त्यांनी दोन्ही पाय पुढे केले.

"पटकन सांग, यातला लाल कुठला? निघताना बायको नुसती हसत होती, सांगेल तर शपथ!"