दारातली जागा

"आधी आम्हाला उचला, मग शाळेला कुलूप लावा!" मी दारातच फतकल मारून बसले. मागे गावच्या बाया. याच शाळेत आम्ही थुंकीनं पाट्या पुसल्या होत्या.

तालुक्याचे साहेब हातातलं कुलूप सावरत म्हणाले, "आजी, पटावर पोरं कमी म्हणून सरकारनं शाळा बंद केलीय. पोरं दाखवा, मी परत जातो."

आत मेंढपाळाची सुली आणि दोनचार पोरं पाढे म्हणत होती. त्यांना आता ओढ्यापलीकडची शाळा लांब पडणार होती.

"सरकारला लाज कशी नाही?" मी ओरडले.

"चहा मागवा, साहेब," सरूबाईनं टोमणा मारला. "आम्ही काही उठत नाही."

तेवढ्यात इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीचा हॉर्न वाजला. रोजच्या सवयीनं सगळ्या आपापली नातवंडं उतरवून घ्यायला धावल्या. मीही. टायवाल्या नातीचं दप्तर खांद्यावर घेऊन वळले, तर शाळेचं दार मोकळं.

साहेबांनी कुलूप लावलं नव्हतं. ते आमची वाट पाहत थांबले होते. पण एकीचंही पाऊल पुढे पडेना.

सुली दारात आली. "आजी," ती म्हणाली, "बसा ना परत."