लंकाबाईचा आकडा

लंकाबाई जिन्याच्या सातव्या पायरीवर बसली होती. पाण्यानं भरलेला हंडा शेजारी आणि उजवा हात छातीवर.

मार्तंड वरून धावत उतरत होता, तो थबकला. दुष्काळाचं साल. वसतिगृहाचे नळ दिवाळीपासून कोरडे होते आणि मागच्या विहिरीवरून दोन मजले पाणी चढवायचं काम लंकाबाईचं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती दिवसाला तीस-चाळीस खेपा करायची. तिला जिन्यात टेकलेली कुणी कधी पाहिली नव्हती.

“काय झालं, मावशी?”

“काय न्हाई. आता बसत बसत चढते. काळीज कच्चं हाय ना माझं.” ती हे अगदी सहज म्हणाली. “तुमच्या वहीत निघालं न्हाई का? एकोनपन्नास.”

मार्तंडनं कठडा धरला.

पंधरा दिवसांपूर्वी शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला निसळ सरांनी वर्गाची चाचणी घेतली होती. वीस इंची बाक. सरांच्या काठीच्या ठोक्यावर पाच मिनिटं चढायचं-उतरायचं, मग खाली बसायचं आणि दुसऱ्यानं नाडी मोजायची. तिच्यावरून गुणांक काढायचा. गुणांक जितका जास्त, तितकं हृदय दणकट. कष्टाचं शरीर कसं असतं ते मुलांना दिसावं म्हणून सरांनी लंकाबाईलाही बोलावलं. ती हसत, लाजत, पदर खोचून बाकावर चढली. तिची नाडी मार्तंडनंच मोजली.

सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून गुणांक मांडायचं आणि वहीत उतरवायचं कामही त्याच्याकडेच होतं. लंकाबाईचा आला सत्त्याऐंशी. वर्गात एवढा कुणाचाच नव्हता. त्याचा स्वतःचा आला एकोणपन्नास. दिवाळीत नेवाशाला घरी असताना त्याला कावीळ झाली होती. व्यायामशिक्षक घडवणाऱ्या या कॉलेजात त्यानं ती कुणाला कळू दिली नव्हती, कारण विद्यापीठाच्या खो-खो संघाची निवड तोंडावर आली होती. त्यानं दोन आकडे एकमेकांच्या जागी लिहिले. चिठ्ठ्या फाडल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला वर्गात उभं केलं. “याला म्हणतात कमावलेलं हृदय!” मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि तो मान थोडी झुकवून हसला.

बाईच्या आकड्याचं पुढं काय होईल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“रेक्टर म्हनले, जिन्यात काय झालं तर आमच्या गळ्याशी येईल,” लंकाबाई सांगत होती. “पयल्या तारखेपासून बंद मी.”

“मग?”

“मग चांगुणा येईल माझ्या जागी. नववीत हाय. काढली शाळंतनं सोमवारी. लई रडली. पर अंगानं माझ्यावर गेलीय, उचलंल हंडा.”

“मावशी, तुम्ही सिव्हिलला जाऊन डॉक्टरांना दाखवा ना एकदा,” मार्तंड घाईघाईनं म्हणाला. डॉक्टर सांगतील, आपल्याला सांगावं लागणार नाही. हे मनात आलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

“सर बी तेच म्हनले. कशाला जाऊ? नाडी तुमीच धरली हुती की. किती जपून धरली हुती! तुमी काय खोटं लिवताल व्हय?”

खालच्या पायरीवर तो बसला.

“मावशी, तो आकडा तुमचा नाही. माझा आहे.”

तिला कळलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं, कावीळ, चिठ्ठ्या, वही. सांगताना तो तिच्या पायांकडे बघत होता. टाचांना खोल भेगा होत्या आणि भेगांत विहिरीवरचा चिखल.

लंकाबाई चिडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. तिनं छातीवरचा हात काढला.

“म्हंजी चांगुणाला काढायला नको हुतं,” ती म्हणाली.

मग उठली. “चला सरांकडं.”

निसळ सर त्यांच्या खोलीत वह्या तपासत होते. मार्तंड सांगत गेला. आधीचं नंतर, नंतरचं आधी, असं काहीबाही. सरांनी चाचणीची वही काढली, पान शोधलं आणि दोन्ही आकड्यांवर लाल पेन्सिलीनं रेघ मारली.

“लंकाबाई, तुमचं काम तुमच्याकडेच राहील. रेक्टरांशी मी बोलतो. पोरीला उद्याच शाळेत धाडा. हेडमास्तर काही म्हणाले तर मी येतो.”

मग ते खुर्चीवरून उठले.

“आणि तू!” त्यांचा आवाज चढला. “एका बाईला मरणाची भीती घातलीस! वर्गात उभा राहून टाळ्या घेतल्यास! उद्या शाळाशाळांतली पोरं तुझ्या हवाली करायची आम्ही? बघ माझ्याकडे! वर बघ!”

मैदानावरून परतणारी मुलं दाराशी गोळा झाली. आत काय चाललंय ते मान उंचावून बघू लागली. मार्तंडला मान वर करता येईना.

लंकाबाई पुढं झाली. सरांच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली.

“सर, जरा हळू बोला,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “एकोनपन्नासच हाय त्याचं.”