सोनाबाईचे लावे

पहिल्या सहा लाव्यांत एकही मादी निघाली नाही.

पंधरा दिवस सोनाबाई अंड्यांची वाट बघत बसली. शेवटी गोमा कातकरी कोंडाण्याच्या रानातून खाली आला, तेव्हा तिने त्यालाच धारेवर धरलं.

गोमा हसला. "बाय, पिंजऱ्यातली मादी बोलली की फाशात नरच येनार. तुमी लावे आन म्हनलात. मादी आन कुठं म्हनलात?"

"मंग आता आन. चार माद्या. आन् जित्या पायजेत."

"खायाचेच ना? मारूनच आनतो की."

"उनाळ्यात तुजे फासे रिकामे. भागूला लागतील तवा काय तुजं तोंड बघू?"

भागूबाईला दिवस राहिले होते. मागल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच घात झाला होता. या वेळी पोटात अन्न ठरत नव्हतं; गोमाने दिलेल्या लाव्याचा रस्सा तेवढा एकदा ठरला. तेव्हापासून तिचा तो एकच डोहाळा. डोहाळा अपुरा राहिला तर पोटातल्या जिवाला बाधतं, हे सोनाबाईला कुणी सांगायला नको होतं. खालापुरात जाऊन भागूला पसंत करून आणली होती तीही तिनेच.

सोनाबाईचा नवरा येसाजी आगगाडीच्या रुळांवर कामाला होता. पळसदरीहून येताना त्याने जुन्या फळ्या आणल्या आणि गुडघ्याएवढा बुटका पिंजरा ठोकून दिला. लावा दचकला की सरळ वर उडतो आणि टाळकं फोडून घेतो, म्हणून छताला लाकडाऐवजी गोणपाट ताणलं.

"सोने, किती दमशील गं?" येसाजीने हळूच विचारलं.

"तुमाला नाय कळायचं," ती म्हणाली.

शिमग्याला माद्यांनी अंडी घातली, पण त्यांवर बसायला एकही तयार होईना. कोंडलेल्या जिवाला कसली आली हौस! सोनाबाईने अकरा अंडी खुडूक कोंबडीखाली सरकवली. सतराव्या दिवशी अंगठ्याएवढी आठ पिल्लं बाहेर आली. कोंबडीने हूं की चूं केलं नाही. दोन पिल्लं पाण्याच्या वाटीत बुडून मेली, तेव्हा सोनाबाई दिवसभर जेवली नाही. मग तिने वाटीत खडे टाकले. रोज सकाळी ती वारूळ फोडून वाळवी आणायची आणि नाचणी भरडून घालायची.

"एवढं तर आईबी करत नाय," शेजारची अंबाबाई म्हणाली.

"मला मांडीवर पोर पायजे, अंबे. मग लावे काय, मोरबी पाळीन."

खोटं नव्हतं ते. दुपारी ती पिंजऱ्यापाशी बसे आणि पाळण्याची दोरी कुठल्या वाशाला बांधायची ते ठरवत राही. एक वासा पसंत पडला की दुसऱ्या दिवशी तो बदले. शेजारपाजारची तान्ही मुलं ती फार वेळ घेत नसे. परत देताना जीव तुटायचा.

ज्येष्ठात सातवा महिना लागला. वाढवलेले सहाही लावे आता मुठीत मावेनासे झाले होते. डोहाळजेवणाला सोनाबाईने खोबऱ्याच्या वाटणात ते शिजवले आणि तांदळाच्या भाकरी थापल्या. भागू बोटं चाटून जेवली. सगळं पोटात ठरलं.

ओटी भरायला सोनाबाईने अंबाबाईला पुढे केलं. आपण चुलीपाशीच बसली. धुराने डोळे चुरचुरतात म्हणाली.

बायका भागूच्या मागे लागल्या. "नाव घे! नाव घेतल्याबिगर उठू देनार नाय."

भागूने चुलीकडे बघितलं.

"घे गं," सोनाबाई म्हणाली. "माजी कसली लाज?"

भागूने पदर सावरला आणि खाली मान घालून म्हटलं,

"हिरव्या चुड्यावर चढलं सोन्याचं पानी,
येसाजीरावांचं नाव घेते, मी त्यांची धाकटी रानी."