कलेजीचा गळ

रोज सकाळी काळूनाना रेवदंड्याच्या बाजारात सुचिताच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानाच्या पायरीवर टेकायचा आणि तेच गाऱ्हाणं सांगायचा, "पोरी, कोंबडीची कलेजी टिकत न्हाय गं गळावर!" मग दोघांची चर्चा रंगायची. गळ लांब दांडीचा बरा की आखूड, कलेजी मिठात घालून उन्हात घट्ट करावी की शिवणकामाच्या दोऱ्याने बांधावी. अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. नाना एक नवा गळ घेऊन घरी जायचा, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत त्याच्याशी बोलणारा एक टीव्हीच.

आज मात्र नानाचा पाय उचलत नव्हता. सुचिताच्या डब्यातला एकच प्रकार घ्यायचा राहिला होता, तीन तोंडांचा गळ. तो घेतला की विचारायला काही उरणार नव्हतं.

"हा घ्या, नाना. यात कलेजी बरोबर अडकते. आता तक्रार नको," सुचिता म्हणाली.

"आन् ह्यावरबी न्हाय टिकली तर?"

"टिकेल. याच्यापुढे माझ्याकडे गळच नाही."

नानाने गळ कागदात गुंडाळून खिशात ठेवला. पायरी उतरून उगाच चपलेचा पट्टा नीट करत राहिला.

"नाना," सुचिताने डबा बंद करत हाक मारली, "अठरा गळ नेलेत, पण गळाला बांधायची दोरी एकदाही नेली नाहीत. उद्या जरा लवकर या. दोऱ्यांचे तर पुष्कळच प्रकार आहेत."