पुलाच्या कपाळावरची बाई

काम घेताना कमरेत वाकायचं आणि काम झालं की पाठ दाखवायची, ही दिलदार रंगाऱ्याची रीत नीलम्माला मुळीच पसंत नव्हती. आज तर त्यानं तिला आगगाडीत, चारचौघांत खोटं पाडलं होतं. टांगा उचगावच्या वाटेला लागला तरी तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता.

शेजारी मिरजेच्या रत्नव्वा बसल्या होत्या. नीलम्माच्या नातीला त्या आपल्या मुलासाठी बघायला येणार होत्या. बोलणी जुळत आली, आणि कुणीतरी त्यांच्या कानात फुंकलं, की ह्या घरचं माक्याचं तेल दोन गल्ल्यांपलीकडं कुणाला ठाऊक नाही, बडेजाव तेवढा मोठा. म्हणून तर काल रात्रीच्या अंधारात नीलम्मा जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसून त्यांना आणायला गेली होती.

"रेल्वेच्या पुलावर आमच्या तेलाची पाटी हाय. दरबारची परवानगी काढून रंगवलीया. येताना डोळ्यानं बघा."

सकाळी येताना गाडी पुलावर आली. नीलम्मानं रत्नव्वांना खिडकीशी सरकवलं आणि स्वतः अर्धी बाहेर वाकली. खाली गाडीवाट दिसली, बाभळी दिसल्या, ओढ्यात बसलेल्या म्हशी दिसल्या. पाटी दिसली नाही. कुणा पावण्याच्या बोचक्यावर पाय देऊन ती पलीकडच्या खिडकीशी गेली. तिकडंही म्हशीच. पूल संपला.

"कुठाय?" रत्नव्वांनी विचारलं.

नीलम्मानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "हाय. म्या सोता बघितलीया."

रत्नव्वांनी पदर सारखा केला. "लिंगाला हात लावलासा, म्हणून जास्त बोलत न्हाय. पर खोट्याच्या घरात आमी सोयरीक करत न्हाय."

त्यावर नीलम्मानं स्टेशनात उतरल्या उतरल्या टांगा धरला. रत्नव्वांना घरी न नेता थेट पुलाकडं.

टांगा पुलाशी थांबला आणि तिचा पट्टा एकदम तुटला. पाटी जागच्या जागी होती. कमानीशेजारची अख्खी भिंत व्यापून हिरव्या इरकल लुगड्यातली बाई उभी. केस मोकळे, टाचेपर्यंत. हातात तेलाची बाटली. खाली शिडीवर दिलदार एक कुंचला दातांत धरून दुसऱ्यानं वेलबुट्टी काढत होता.

नीलम्मा भिंतीपाशी गेली. बाईच्या पायावर बोट टेकवून बघितलं. रंग कधीचाच वाळला होता. तिनं वर रुळांकडं बघितलं, मग बाईकडं, मग परत रुळांकडं.

"सकाळी ही कुठं गेलती?"

दिलदारनं तोंडातला कुंचला काढला. "कोण, अव्वा?"

"ही. दुसरी कोण हाय हितं?"

"ती कुठं जाणार? महिना झाला, हितंच हाय की."

"मग गाडीतनं का दिसली न्हाय? कुणाच्या सांगण्यावरनं झाकलीतीस?"

"अव्वा, गाडी आली तवा मी त्या बाभळीखाली भाकरी खात हुतो. ही बी दिसत हुती आन् तुमीबी दिसलासा. खिडकीतनं अर्ध्या भाईर आलतासा."

ह्यानं नीलम्मा आणखीच कोड्यात पडली.

टांगेवाला आकाराम घोड्याच्या मानेआडून हसला. "अव्वा, पाटी पुलाच्या कपाळावर, आन् गाडी त्येच्या डोक्यावर. डोक्यातल्या उवंला कपाळ दिसतंय व्हय?"

"तू घोडं सांभाळ."

पण ती तिथंच उभी राहिली. जागा बघायला आली तेव्हा ह्याच वाटेवर ती उभी होती. वरून गाडी गेली होती. खिडक्यांतलं एकेक तोंड तिला दिसलं होतं, एकाच्या मिशीसुद्धा. आपल्याला ते दिसतात, म्हणजे त्यांना इथलं सगळं दिसणार. हिशेब तर सरळ होता. तो अजूनही सरळच वाटत होता.

"रंगवताना तुला कळलं न्हाय व्हय रं?"

"मला काय ठावं, अव्वा? मी कधी गाडीत बसलोय? माझा जलम शिडीवर गेला. तुमी ह्या भिंतीला काठी लावून म्हणलासा, हितं काढ..." दिलदारचं लक्ष रत्नव्वांकडं गेलं आणि त्यानं जीभ चावली.

रत्नव्वा टांग्यातून उतरल्या होत्या. "जागा तुमी नेमली?"

दिलदारनं कुंचला रंगात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. आकारामनं घोड्याच्या आयाळीत हात घातला. नातीचं लग्न त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं, एवढं मात्र नीलम्माला स्वच्छ कळत होतं.

"तेल माझं, घर माझं," ती म्हणाली. "जागा नेमायला काय शेजारीण बोलवू?"

रत्नव्वांनी भिंतीवरची बाई टाचेपासून भांगापर्यंत बघितली. मग नीलम्माला तशीच बघितली.

"खोटं न्हाय बोललासा," त्या म्हणाल्या. "शाणपण तेवढं बेताचं. चला, पोरगी दावा." आणि जाऊन टांग्यात बसल्या.

तेवढ्यात शिट्टी झाली. कोल्हापूरकडची गाडी धडधडत पुलावर आली. कोळशाची पूड खाली उतरली, नीलम्माच्या डोक्यावर आणि त्या बाईच्या भांगात. नीलम्मा मान वर करून एकेक खिडकी बघत राहिली. एका फेटेवाल्यानं तिच्याकडं बघितलं. पाटीकडं कुणीच नाही. गाडी गेली, तरी तिची मान बराच वेळ वरच होती.

मग ती दिलदारकडं वळली.

"रंग झाक लावलायस. पर बाई खुळी काढलीस. डोक्यावरनं एवढी मोठी गाडी जाती, आन् ही म्हशींकडं बघत उभारलीया. मान वर कर तिची. गाडीतल्यास्नी ती दिसत न्हाय तर न्हाय, तिला तरी गाडी दिसू दे."