कच्चं बिल

"ताई, तिकीट कमी फाडलंत तुम्ही," असं म्हणत बसच्या कंडक्टरने हॉस्पिटलच्या बिलाचा कागद काचेखालच्या फटीतून आत सरकवला.

काचेमागे दोघी होत्या. पुढे कॅशियर आणि तिच्या पाठीला पाठ लावून कोडिंग करणारी. शस्त्रक्रियेनंतर सर्जन जे लिहितो ते वाचायचं, त्याला ठरलेला आकडा द्यायचा, मग त्या आकड्यावरून बिल निघतं, एवढं तिचं काम. पेशंटशी संबंध यायचा तो कागदापुरता. नातेवाईक खिडकीशी येत ते भांडायला, आणि भांडण जास्त लावल्याचं असे. कमी लावलं म्हणून कुणी आल्याचं तिला आठवत नव्हतं.

"काका, लोक आमच्या नावाने बोटं मोडतात जास्त लावलं म्हणून," कॅशियर हसली. "तुम्ही पहिलेच."

"जन्मभर बसमध्ये भाडं घेतलंय, पोरी. हिशेब चुकला की कुणाच्या खिशातून जातं ते मला विचार. उद्या चूक तुमच्या लक्षात येणार, आणि आमच्या बाईला घरी निघताना दारात अडवणार. त्यापेक्षा आत्ताच नीट करा." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "धाकटी बहीण आहे माझी, तिसऱ्या मजल्यावर. मानेतल्या सगळ्या गाठी काढायच्या म्हणाले होते डॉक्टर. कानामागून खांद्यापर्यंत चिरावं लागेल, अर्धा दिवस जाईल, पैसे आधी भरा. भरले. आणि हे बिल बघा, निम्मंसुद्धा नाही."

कॅशियरने खुर्ची मागे ढकलली. "बघ गं. हे तुझं खातं."

कोडिंगवालीने केस उघडली. सकाळी तिनेच ती हातावेगळी केली होती, चहाचा कप खाली न ठेवता. सर्जनने लिहिलं होतं: गाठी एकमेकींत गुंतलेल्या. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला विळखा. सोडवता येत नाहीत. तपासणीसाठी एक तुकडा घेतला. जखम बंद केली.

गाठी काढल्या तर आकडा वेगळा, तुकडा घेतला तर वेगळा. तिने दुसरा दिला होता. बरोबर दिला होता.

कच्चं बिल सकाळीच वॉर्डात जातं. मोठे डॉक्टर फेरीला येतात ते दुपारनंतर. ही पद्धत कुणी ठरवलेली नव्हती, पडून गेली होती.

"डॉक्टर भेटले का तुम्हाला?" तिने विचारलं.

"काल कुठले भेटायला? धाकटे डॉक्टर म्हणाले, साहेब उद्या बोलतील. पण काम झकास केलंय हो. एवढं चिरणार म्हणाले होते, आणि पट्टी बघाल तर एवढीशी." त्याने स्वतःच्या मानेवर दोन बोटं ठेवून दाखवलं. "हात चांगला आहे त्यांचा. सकाळी चहा प्यायली. मला म्हणते, दादा, गाठ अजून लागतेय हाताला. म्हटलं, वेडाबाई, सूज असते ती."

तिने ऑपरेशन थिएटरला फोन लावला. साहेब आत गेलेत, दुपारशिवाय बाहेर येत नाहीत, असं सिस्टरने सांगितलं. तिने फोन ठेवला. पडद्यावर तो आकडा समोरच होता. बदलायला कितीसा वेळ लागणार होता? बिल पूर्ण झालं असतं, आणि हा माणूस ते घेऊन खुशीत वर गेला असता. निदान दुपारपर्यंत.

तिने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"काका, आधी डॉक्टरांशी बोलून घ्या ना."

"डॉक्टरांना बिलातलं काय कळतंय? ते तुम्हालाच कळणार. चूक आहे की नाही, तेवढं सांगा."

"चूक नाही."

"मग कमी कसं?"

विमा कंपन्यांना फोनवर, हुज्जत घालणाऱ्यांना खिडकीतून, तिने एक वाक्य इतक्यांदा ऐकवलं होतं की ते जिभेवरच बसलेलं असे. ते आपसूक निसटलं.

"आम्ही जे झालं त्याचंच बिल लावतो, काका."

"बरोबर आहे," कंडक्टर म्हणाला. "तसंच पाहिजे." तो मान डोलावत होता. डोलावता डोलावता मान थांबली.

त्याने चष्मा खाली ओढला, कागद परत मागून घेतला आणि वरपासून वाचायला लागला. खोलीचं भाडं, औषधं, भूल. त्याचं बोट एका ओळीवर येऊन राहिलं. तपासणीसाठी तुकडा.

"एवढंच झालं?"

ती पडद्याकडे बघू लागली. तेवढं उत्तर त्याला पुरलं.

कॅशियरचं या दोघांकडे लक्ष नव्हतं. तिने जमा रकमेतून बिल वजा करून उरलेल्या नोटा काढल्या, फटीतून बाहेर सरकवल्या. "घ्या काका, मोजून घ्या. इथून पैसे परत नेणारा वर्षाकाठी एखादाच निघतो. नशीबवान आहात."

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. कंडक्टरने नोटा उचलल्या, सवयीने सगळ्यांची तोंडं एका बाजूला केली, कडा जुळवल्या. मग ती गड्डी त्याने पुन्हा फटीतून आत ढकलली, बोटांची टोकं काचेच्या पलीकडे जाईपर्यंत.

"असू द्यात जमाच." तो कॅशियरच्या खांद्यावरून मागच्या खुर्चीकडे बघत म्हणाला. "डॉक्टरांना सांगा, पैसे पूर्ण भरलेत. कमी पडत असतील तर संध्याकाळपर्यंत अजून आणतो."