आतली कडी

“आतून कडी कशाला, ताई? कोंबड्या काय दार लावून झोपणार आहेत?”

कडीमास्तर स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसले. बाई हसल्या नाहीत. गिऱ्हाईक अवघड दिसतंय, मास्तरांनी मनाशी म्हटलं.

बाकी सगळं जुळलं होतं. खुराडं परसाच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. माणूस ताठ उभा राहून आत जाईल एवढं मोठं दार, कारण साठी उलटल्यापासून बाईंची कंबर वाकायला तयार नव्हती. कोंबड्यांसाठी हातभर उंचीचं छोटं दार, दोरी ओढली की वर सरकणारं. अंडी बाहेरच्या बाहेर काढता यावीत म्हणून पेटीला मागून झाकण. एकेक दार बाईंनी विचार करून कागदावर काढलं होतं. मास्तरांना खरं तर कौतुकच वाटलं. एरवी लोक ‘तुम्हाला वाटेल तसं करा’ म्हणतात आणि मग नाकं मुरडत बसतात.

अडलं ते त्या आतल्या कडीपाशी. मोठं दार आतूनही उघडलं पाहिजे, असा बाईंचा हट्ट होता.

आता हे म्हणजे मास्तरांच्या वर्मावरच बोट. ‘कडीमास्तर’ हे नाव त्यांना पडलं होतं ते त्यांच्या कडीवरून. दार हातातून सुटलं की आपल्याच वजनाने मिटायचं आणि बाहेरची लोखंडी कडी आपोआप खाचेत पडायची. माणूस कितीही विसरभोळा असो, दार उघडं राहायचं नाव नाही. मुंगसाने यावं, चार धडका द्याव्यात आणि हात हलवत परत जावं. आतून उघडायचं तर फळीला भोक पाडायला हवं, आणि भोक पडलं की मुंगसाचा पंजा आत आलाच म्हणून समजा. मग लोक नावं कोणाला ठेवणार? मुंगसाला थोडीच!

हे सगळं त्यांनी बाईंना साग्रसंगीत ऐकवलं. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत मिळून चाळीसेक खुराडी केली, एकाचीही तक्रार नाही, हेही सांगून टाकलं. काम झाल्यावर गिऱ्हाइकाने पुन्हा तोंड दाखवू नये, त्याला काम म्हणतात, असं त्यांचं मत होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि माणूस आत असताना दार मिटलं तर?”

“हाक मारायची.”

“मी एकटी राहते, मास्तर. शेजारचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं.”

मास्तरांनी हात झटकला. आत जाताना दाराला एक वीट लावून ठेवायची, झालं. एवढं भान माणसाला असतंच की, असं म्हणत त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावरची आतली कडी खोडून टाकली. बाई त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तसं.”

तीन दिवस काम चाललं. बाई वेळेवर चहा आणून द्यायच्या आणि पायरीवर बसून काम बघायच्या. बोलायच्या कमी, विचारायच्या फार. जाळी एवढी जाड का? कुत्र्याने दात लावले तर दातच पडावेत म्हणून. वरचा पत्रा दुपारी तापतो का? थोडा तापणारच, कोंबड्यांना सोसतं. मास्तरही खुशीत उत्तरं द्यायचे. कामाची इतकी कदर करणारं माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी दारं टांगून झाली. फक्त कोंबड्यांना बसायची दांडी तेवढी राहिली होती. मास्तर ती दोन्ही हातांत धरून आत शिरले, पाठीने दार ढकललं गेलं, परत आलं आणि बाहेर कडी खट्कन पडली.

वीट त्यांनी लावलीच नव्हती.

“बघितलंत?” मास्तर आतून हसले. “याला म्हणतात कडी. उघडा आता.”

बाई पायरीवरून उठल्या नाहीत. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. बाईंना ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने सांगितलं. मग दाराला खांदा लावून पाहिला, पण दार त्यांनीच केलेलं, ते कसलं हलतंय! हत्यारं सगळी बाहेर. वरून पत्रा भाजत होता, घाम डोळ्यांत उतरत होता. त्यांनी शेजारच्या घराच्या दिशेने दोन-तीन हाका मारल्या. तिथल्या खिडक्या बंद होत्या. जाळीतून समोर बाई दिसत होत्या, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. या बाईला वेड लागलंय, हे आपल्याला आधी कसं कळलं नाही?

“ताई, पाया पडतो. उघडा.”

तेव्हा बाई उठल्या, शांतपणे चालत आल्या आणि त्यांनी कडी वर केली.

मास्तर धडपडत बाहेर आले. तोंडाला कोरड पडली होती. “ही काय थट्टा झाली? जीव गेला असता माझा.”

बाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

“पाच मिनिटं होतात तुम्ही आत,” त्या म्हणाल्या. “आमच्या जुन्या घरचं खुराडंही तुम्हीच करून दिलंत. मी तेव्हा मुलीकडे होते, म्हणून तुम्ही मला ओळखलं नाही. आतली कडी आमच्या ह्यांनीही मागितली होती तुमच्याकडे. दोन दिवस फोन उचलेनात म्हणून मी तिसऱ्या दिवशी परत आले, ते दार उघडलं, तर आतून दाराला टेकलेले हे तसेच माझ्या अंगावर कलंडले.”